खोकी रचणारा रोबो: नवख्या मेकॅनिकल इंजिनियरच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, १६ जून २०२५

पहिला प्रकल्प हातात आला. पॅकिंग लाइनच्या शेवटी कन्व्हेयरवरून येणारी बंद खोकी रोबोने उचलायची आणि पॅलेटवर थर लावत रचायची. मिनिटाला १२ खोकी. खोकं ४०० × ३०० × २५० मिमी, वजन १२ किलोपर्यंत. पॅलेट १२०० × १००० मिमी. प्रत्येक थरावर पुठ्ठ्याची एक शीट घालायची, म्हणजे वरचा थर घसरत नाही.

माझ्याकडे ग्रिपर (रोबोच्या टोकाचं पकडायचं साधन) आणि सेलचा, म्हणजे रोबो व त्याच्या भोवतालच्या जागेचा, लेआउट. रोबोचा स्टँड नेहमीच्या मापाचा, त्याचं ड्रॉइंग तयार आहे. प्रोग्रामिंग कंट्रोल्सच्या सरांकडे. त्यांच्या शेजारी बसून पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) आणि रोबो शिकायचा, असं ठरलं.

रोबो चार अक्षांचा आहे. कॉलेजात रोबोटिक्स म्हटलं की सहा अक्ष आणि डेनाव्हिट-हार्टेनबर्गची मॅट्रिक्स (सांध्यांची मांडणी लिहायची १९५५ ची पद्धत, आजही परीक्षेत हमखास येते). इथे चारच कसे पुरतात हे सरांना विचारलं. ते म्हणाले, "खोकं कधी तिरकं ठेवायचंय का?" नाहीच ठेवायचं. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली आणि उभ्या अक्षाभोवती वळवणं, एवढ्या चारच हालचाली लागतात. मनगट सतत आडवं राहावं म्हणून हाताला दोन समांतरभुज जोडण्या एकामागून एक दिलेल्या असतात. हात कुठेही जावो, शेवटची फ्लँज जमिनीला समांतरच राहते. त्या कामासाठी मोटर नाही, एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) नाही, कोडची एक ओळ नाही. थिअरी ऑफ मशीन्समध्ये मार्कांपुरता वाचलेला चार-दांड्यांचा साखळदुवा शेकडो किलोच्या यंत्रात इतकं शहाण्यासारखं काम करताना पाहून बरं वाटलं.

गुरुवार, १९ जून

आज फक्त वेळेचा हिशेब. मिनिटाला १२ म्हणजे खोक्याला ५ सेकंद, हे उत्तर चुकीचं आहे, कारण त्यात शीटचा वेळ धरलेला नाही.

थरात खोकी किती बसतात ते आधी काढलं. तीन खोकी ४०० ची बाजू पॅलेटच्या लांबीला धरून ठेवली की १२०० भरतात आणि रुंदीतले ३०० जातात. अशा दोन ओळी. उरलेल्या ४०० च्या पट्ट्यात चार खोकी ३०० ची बाजू लांबीला धरून. ३ + ३ + ४, एकूण १०, आणि पॅलेट तंतोतंत भरतं. पुढचा थर हीच मांडणी १८० अंशांत फिरवून, म्हणजे बहुतेक ठिकाणी सांध्यावर सांधा येत नाही. मात्र पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद त्याच्या उभ्या कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा आला तर खोकं जास्त भार पेलतं, आणि थर फिरवले की रचना घट्ट होते पण ती ताकद कमी होते. सहा थरांपुरता फिरवलेला पर्याय ग्राहकाने मान्य केला. खालच्या खोक्यावर वरची पाच येतात, म्हणजे साधारण ६० किलो.

आता वेळ. १० खोक्यांना ५० सेकंद. शीट उचलून ठेवायला ९ सेकंद धरले. उरले ४१, म्हणजे खोक्याला ४.१ सेकंद. हा आकडा पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. भरलेलं पॅलेट बाहेर काढायचा वेळ यात धरलेला नाही, कारण पॅलेटच्या जागा दोन आहेत; एक भरत असताना दुसरी रिकामी करता येते.

शुक्रवार, २७ जून

ग्रिपर. व्हॅक्यूमने उचलायचं ठरलं. खोकी एकमेकांना चिकटून ठेवायची असल्याने बाजूने पकडणाऱ्या जबड्यांना जागाच नाही.

हिशेब असा. कप खोक्याच्या वरच्या पृष्ठावर, हालचाल आडवी. लागणारं बल F = m (g + a/μ) × S. वस्तुमान १२ किलो, त्वरण ५ मी/से², पुठ्ठ्यावर रबराचं घर्षण ०.५, सुरक्षा गुणांक २. म्हणजे १२ × (९.८१ + १०) × २ = साधारण ४७५ न्यूटन. नुसतं वजन ११८ न्यूटन आहे. चौपट बल लागतं ते उचलण्यासाठी नाही, जोरात बाजूला नेताना खोकं घसरू नये म्हणून. या सूत्रात a वर गेला की ग्रिपर मोठा होतो, ग्रिपर जड झाला की रोबोला तोच a देणं महाग पडतं. दोन्ही टोकं एकमेकांना बांधलेली आहेत.

पुठ्ठा सच्छिद्र असतो, हवा गळत राहते, म्हणून कॅटलॉगातला खोल व्हॅक्यूम धरायचा नाही. ४० किलोपास्कल धरले. ५० मिमी व्यासाचा कप: क्षेत्रफळ १९६३ मिमी², बल ७८.५ न्यूटन. सहा कपांत उत्तर जेमतेम काठावर येतं. आठ घेतले, ६२८ न्यूटन. कप बेलोज प्रकारचे, कारण खोक्याचं झाकण कधीच सपाट नसतं.

एक गोष्ट सूत्रात कुठेच नाही. वरून ओढताना आपण खोकं उचलत नाही, झाकणाच्या पाकळ्या उचलतो, आणि खोक्याचा सगळा भार चिकटपट्टी पेलते. पट्टी नीट लागली नसेल तर झाकण उघडून माल खाली. त्यामुळे कपांची जागा पट्टीपासून दूर आणि पाकळ्यांच्या घडीजवळ घेतली. शिवाय चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), छोटी व्हॅक्यूम टाकी आणि प्रत्येक विभागाला व्हॅक्यूम स्विच. वीज गेली तरी हातातलं खोकं काही काळ हातात राहायला हवं.

इमर्जन्सी स्टॉपमध्ये रोबो प्रोग्राममधल्या त्वरणापेक्षा बऱ्याच जास्त मंदनाने थांबतो. S मधल्या २ ची खरी परीक्षा तिथे होते.

गुरुवार, ३ जुलै

दिवसभर पीएलसी. लॅडर (पीएलसीची चित्रभाषा) आधी चमत्कारिक वाटतं: डावीकडे एक उभी दांडी, उजवीकडे एक, मध्ये पायऱ्या. हे असं का, याचं उत्तर इतिहासात आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोडिकॉन ०८४ आला तो कारखान्यातल्या रिले पॅनेलची जागा घ्यायला. ती पॅनेलं सांभाळणाऱ्या इलेक्ट्रिशियनला प्रोग्राम वाचता यायला हवा होता, म्हणून प्रोग्राम रिलेच्या सर्किटसारखा दिसतो. आता आयईसी ६११३१-३ या पीएलसी भाषांच्या मानकात स्ट्रक्चर्ड टेक्स्ट आहे, सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट (एसएफसी) आहे. सर क्रम एसएफसीमध्ये, गणित स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये आणि इंटरलॉक (अट पुरी नसेल तर हालचाल अडवणारं लॉजिक) लॅडरमध्ये लिहितात. "रात्री दोन वाजता मशीन थांबलं की मेंटेनन्सवाला इंटरलॉकच बघणार. त्याला कळेल असं लिहायचं."

पीएलसी कोड 'चालवत' नाही, फेऱ्या मारतं: इनपुट वाच, लॉजिक सोडव, आउटपुट लिही, पुन्हा पहिल्यापासून. आमची फेरी १० मिलिसेकंदांची. कन्व्हेयर ०.३ मी/से ने जातो, म्हणजे एका फेरीत खोकं ३ मिमी पुढे सरकतं. खोकं अडवून मग उचलायचं असल्याने आम्हाला चालतं. चालत्या पट्ट्यावरून उचलायचं असतं तर एन्कोडर लावून तो हाय-स्पीड इनपुटवर घ्यावा लागला असता. ५० मिमीचा रोलर, १०२४ पल्सचा एन्कोडर, चारपट मोजणी: एका काउंटला ०.०३८ मिमी. वेळ आणि अंतर एकमेकांत बदलून पाहायची ही सवय मेकॅनिकलवाल्याला चटकन लागते, आणि कंट्रोल्सच्या चर्चेत तिथूनच शिरता येतं.

सेन्सर पीएनपी, एनपीएन (आउटपुट जोडायच्या दोन तऱ्हा), २४ व्होल्ट, तपकिरी-निळी-काळी वायर. यात बुद्धीचं काही नाही, हाताने जोडायचं की बसतं.

गुरुवार, १० जुलै

ऑफिसातल्या छोट्या सहा-अक्षी रोबोवर टीच पेंडंट (रोबो हलवायचा आणि त्याला जागा शिकवायचा हातातला पॅनेल) धरलं. मागच्या बाजूचं बटण तीन स्थितींचं: सोडलं तर रोबो थांबतो, मधोमध दाबून ठेवलं तर हलतो, घाबरून घट्ट आवळलं तरी थांबतो. माणूस दचकला की हात सोडेल की मूठ आवळेल हे सांगता येत नाही, म्हणून दोन्हीकडे थांबणं. मॅन्युअल मोडमध्ये टूलचा वेग २५० मिमी/से च्या वर जात नाही. वाचताना हा वेग फारच कमी वाटतो. हात लांबवर असताना समोर उभं राहिलं की तसा वाटत नाही.

पाचवा अक्ष शून्याजवळ आला आणि सरळ रेषेत जाणारा रोबो एरर देऊन थांबला. चौथा आणि सहावा अक्ष एका रेषेत आले की तेच वळण दोघांपैकी कुणीही देऊ शकतं, जॅकोबियनचा (सांध्यांचे वेग आणि टूलचा वेग जोडणाऱ्या मॅट्रिक्सचा) डिटरमिनंट शून्य होतो आणि कंट्रोलर सांध्यांना अफाट वेग मागायला लागतो. परीक्षेत सिंग्युलॅरिटीची ही व्याख्या लिहिली होती. इथे हातात पेंडंट थरथरलं.

कंपन्यांच्या भाषा वेगवेगळ्या: एबीबीची रॅपिड, कुकाची केआरएल, फनुकची टीपी. भाषा आठवड्यात सरावाची होते. खरी गंमत कोनांत आहे. एबीबी दिशा क्वाटर्नियनमध्ये ठेवतो, कुका ए-बी-सी म्हणजे झेड-वाय-एक्स क्रमाने, फनुक डब्ल्यू-पी-आर, युनिव्हर्सल रोबोट्स रोटेशन व्हेक्टरमध्ये. एकाच मनगटाची एकच स्थिती, चार तऱ्हेने लिहिलेली. ज्याला रोटेशन मॅट्रिक्स कळतं त्याला यातलं काहीच नवं नाही. ज्याने सूत्र पाठ केलं त्याला दर वेळी नवं आहे.

पॅलेटसाठी सर सगळे बिंदू शिकवत नाहीत. पॅलेटचा कोपरा, एका कडेवरचा बिंदू आणि पृष्ठावरचा तिसरा बिंदू, एवढ्यावर फ्रेम (पॅलेटचे संदर्भ-अक्ष) बांधतात आणि साठही जागा गणिताने काढतात. मग टूलचं वस्तुमान, गुरुत्वमध्य आणि जडत्व कंट्रोलरमध्ये भरायचं. तो त्याच आकड्यांवरून कुठल्या मोटरला किती टॉर्क द्यायचा ते ठरवतो. ग्रिपरचे आकडे कॅडमधून काढून मीच दिले. खोक्यासह आणि खोक्याविना असे दोन संच लागतात.

गुरुवार, २४ जुलै

सेफ्टी. आयएसओ १०२१८ (औद्योगिक रोबोंच्या सुरक्षेचं मानक) चे दोन्ही भाग याच वर्षी नव्याने आले. मनुष्य आणि रोबो एकत्र काम करण्याबद्दलचा मजकूर, जो आधी टीएस १५०६६ मध्ये वेगळा होता, तो आता त्यात आला आहे. 'कोबॉट (माणसासोबत काम करणारा रोबो) आहे म्हणजे कुंपण नको' ही समजूत यामुळे तरी जावी. ग्रिपरमध्ये धारदार पत्रा असेल तर हात कितीही मऊ असो.

आमच्याकडे कुंपण आहेच. प्रश्न पॅलेट बाहेर येण्याच्या वाटेचा. तिथे जाळी लावता येत नाही, तर काय लावायचं आणि किती दूर? अंतराचा कच्चा हिशेब S = K × T + C. K हा माणसाच्या चालण्याचा वेग, १६०० मिमी/से. T हा वाटेवरच्या सेन्सरचा प्रकाशकिरण तुटल्यापासून रोबो पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ. C हे किरणांतून हात पुढे जाऊ शकतो म्हणून धरायचं जादा अंतर. सगळं धरून आम्ही ०.७ सेकंद घेतला. लेआउटमध्ये जागा होती १४०० मिमी.

तीन-चार किरणांचा स्वस्त पर्याय घेतला तर C = ८५०. अंतर ११२० + ८५० = १९७० मिमी. बसत नाही. ३० मिमी बारकाईचा लाइट कर्टन (दाट किरणांचा पडदा) घेतला तर C = ८ × (३० − १४) = १२८, आणि अंतर १२४८ मिमी. बसतं. स्वस्त सेन्सरने दोन फुटांहून जास्त जमीन मागितली असती, आणि कारखान्यात जमीन फुकट नसते. पडद्याची उंची आणि त्यावरून हात घालता येतो का, हे वेगळं तपासावं लागलं. हा माझा कच्चा हिशेब. ग्राहकाला जाणारा अहवाल सेफ्टी इंजिनियर मानकाच्या चालू आवृत्तीप्रमाणे आपल्या सहीने करतात, आणि थांबायचा वेळ जागेवर मोजून घेतात.

T कमी केला तर जागा वाचते. म्हणजे ब्रेक, वेग आणि हातातलं वजन, हे सगळं सेफ्टीच्या कागदावर येतं. विषय वेगळा म्हणून शिकवतात, पण सगळ्या नद्या डायनॅमिक्सलाच येऊन मिळतात.

बुधवार, ६ ऑगस्ट

ग्रिपरचं ड्रॉइंग सोडण्याआधी असेंब्लीच्या काकांकडे नेलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, हा निघाला की परत त्याच जागी बसणार कशावरून?" बोल्टची भोकं ढिली असतात, दर वेळी थोडं इकडे-तिकडे बसतं. दोन डॉवेल पिना घातल्या: एक गोल भोकात, दुसरी लांबट खाचेत. दोन्ही गोल भोकांत घातल्या तर अंतरातल्या सूक्ष्म फरकाने अडकतात. आता कप बदलायला ग्रिपर काढला तरी टूल सेंटर पॉइंट (ग्रिपरचा संदर्भबिंदू) पुन्हा शिकवावा लागणार नाही.

स्टॉपरचा सिलिंडर ३२ मिमी बोअरचा. ६ बारला ४८२ न्यूटन. खोकं अडवायला इतकं नको, आणि तिथे बोट जाऊ शकतं. रेग्युलेटर लावून ३ बारवर आणला.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

एफएटी, म्हणजे ग्राहकाने आमच्या शेडमध्ये येऊन पाहणं. आधी प्रत्येक इनपुट-आउटपुट वायरीपासून स्क्रीनपर्यंत तपासला. मग मुद्दाम बिघाड: हवा बंद, सेन्सर झाकला, रोबोच्या हातात खोकं असताना वीज घालवली. खोकं टिकलं. सरासरी ३.९ सेकंद. रोबोचा स्टँड आमच्या जाड लोखंडी बेडवर टी-बोल्टने बांधलेला आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

साइट. जमिनीचं काम दुसऱ्या कंत्राटदाराकडे होतं. स्टँड उभा आहे, अँकर (जमिनीत रोवलेले बोल्ट) मारलेले आहेत, लेव्हल पाचरी घालून साधली आहे. केबल ट्रे अजून अर्धवट. आज फक्त इनपुट-आउटपुट तपासले.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पूर्ण वेगाने चालवला आणि ग्रिपर प्रत्येक थांब्यावर डोलायला लागला. डोळ्यांना दिसेल इतका. खोकं शेजारच्या खोक्याच्या कडेवर टेकत होतं. प्रोग्राम तोच, ग्रिपर तोच, पेलोडचे आकडे तेच.

सरांनी काम पुढे सरकावं म्हणून ठेवण्याआधी थोडं थांबणं घातलं आणि त्वरण उतरवलं. खोकी नीट बसायला लागली. वेळ ४.५ सेकंद. थराला ४५ + ९ = ५४, म्हणजे मिनिटाला ११.१. करारात १२ आहेत. ग्राहकाचे प्रॉडक्शनवाले म्हणाले, "सॉफ्टवेअरमध्ये अजून थोडं बघा." सगळ्यांच्या नजरा लॅपटॉपकडे.

सोमवार, १५ सप्टेंबर

रविवारी कागदावर स्टँड तपासला. चौरस नळी २०० × २०० × ६ मिमी, उंची ६०० मिमी. छेदाचं क्षेत्र-जडत्व I = २.९२ × १०⁷ मिमी⁴. खाली घट्ट धरलेला कॅन्टिलिव्हर मानला तर कडकपणा k = ३EI/L³ (E पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, L उंची), म्हणजे सुमारे ८१,००० न्यूटन प्रति मिमी. टोकाला पाच हजार न्यूटन लावले तरी ती मिमीच्या सोळाव्या भागाइतकीही वाकत नाही. स्टँड जाड करा ही सूचना बैठकीत आली होती. ती या आकड्याने बाद झाली. या सूत्रात एकच गृहीतक संशयास्पद उरतं: 'खाली घट्ट धरलेला'.

सकाळी काका आणि मी डायल गेज घेऊन गेलो. मॅग्नेटिक स्टँड जमिनीला पक्क्या असलेल्या दुसऱ्या लोखंडावर, काटा बेस प्लेटच्या कोपऱ्यावर. सरांनी खोकं धरून हात पूर्ण लांबवला आणि रोबो संथ गतीने गोल फिरवला. काटा ०.२ मिमी वर-खाली होत होता. प्लेट ५०० मिमीची. ०.२/५०० म्हणजे ०.०००४ रेडियन. हात २४०० मिमी बाहेर, तिथे हे जवळपास एक मिमी होतं, आणि हे संथ फिरताना. झटक्याने थांबताना त्याच्या कितीतरी पट.

प्लेटखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरळ आत गेला. पाचरींनी लेव्हल साधली होती, पण पाचरींच्या मधली पोकळी भरलेलीच नव्हती. प्लेट काही ठिकाणी टेकलेली, बाकी अधांतरी, आणि एखाद्या पत्र्याच्या स्प्रिंगसारखी लवचिक. शेडमध्ये तीच प्लेट जाड बेडवर पूर्ण टेकलेली होती.

मोबाइल ग्रिपरवर पट्टीने बांधला आणि त्यातल्या त्वरणमापकाची नोंद घेतली. डोलणं सेकंदाला ४ वेळा. वारंवारता कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते. आठ-नऊ हर्ट्झपर्यंत न्यायची तर कडकपणा चार-पाच पट हवा. अवमंदनाचं प्रमाण तेच राहिलं तरी वारंवारता दुप्पट झाली की डोलणं निम्म्या वेळात विरतं. वेटची (प्रोग्राममधल्या थांबण्याची) ओळ घालून आपण फक्त ते विरण्याची वाट पाहत होतो.

सरांना दाखवलं. त्यांनी वेट काढला नाही, पण त्याच्यापुढे शेरा लिहिला: 'ग्राउटनंतर काढणे'. ग्राउट म्हणजे प्लेटखालची पोकळी भरायचं मिश्रण.

बुधवार, १७ सप्टेंबर

रोबोचं वजन जॅकवर घेतलं, पोकळी साफ केली, आकुंचन न पावणारं ग्राउट ओतलं. दोन अँकर हाताला ढिले लागले. तिथे केमिकल अँकर. ग्राउट पक्कं होईपर्यंत रोबो हलवायचा नाही. टॉर्क रेंचने कसायचं ते नंतर.

पायाचं काम कोणाच्या यादीत होतं, यावर बैठकीत बराच वेळ गेला. आमच्या ड्रॉइंगवर 'पाया ग्राहकाकडे' एवढंच होतं. त्यात ग्राउट, समतलता आणि अँकरचा टॉर्क हे तीन शब्द असते तर आजची बैठक झाली नसती. स्टँडच्या ड्रॉइंगमध्ये ती टीप घालायची सूचना दिली आहे.

शनिवार, २० सप्टेंबर

रोबो उभा आहे म्हणून बाकीचं उरकतेय. कॉलेजच्या धाकट्या मुलांचे निरोप साचले होते. बहुतेकांचा प्रश्न एकच: मेकॅनिकलवाल्याने ऑटोमेशनमध्ये जावं का, आणि आधी पायथन शिकावं की पीएलसी? जे उत्तर पाठवलं त्यातलं इथे उतरवून ठेवते.

या क्षेत्रात दारं बरीच आहेत आणि ती एकसारखी नाहीत. रोबो बनवणाऱ्या कंपनीत गिअरबॉक्स, बेअरिंग, सांध्याचं कास्टिंग यांच्यावर वर्षानुवर्षं खोल काम चालतं. तिथे डिझाइन आणि टेस्टिंगवाले लागतात. इंटिग्रेटरकडे (तयार रोबो घेऊन कारखान्यांसाठी सेल उभे करणाऱ्या कंपनीत) दर काही महिन्यांनी नवा प्रश्न, आणि त्यात ग्रिपरपासून वायरीपर्यंत सगळ्यात हात घालायला मिळतो, पण साइटवर राहावं लागतं आणि वेळेला मर्यादा नसते. रोबो वापरणाऱ्या कारखान्यात एकच लाइन वर्षभर बघाल. कंटाळवाणं वाटेल, पण यंत्र तिसऱ्या वर्षी कुठे झिजतं हे फक्त तिथेच कळतं. माझं मत विचाराल तर पहिली नोकरी इंटिग्रेटरकडे, मात्र मशीन जोडायला पाठवत असतील तरच. नुसतं कॅड करायला बसवणार असतील तर दोनदा विचार करा.

पायथन की पीएलसी, या प्रश्नात एक गोष्ट सुटते. दोन्ही शिकता येतात, आणि शिकावीच लागतात. मोशन प्लॅनिंग किंवा फिरते रोबो करायचे असतील तर आरओएस २ (रोबोंसाठीची सॉफ्टवेअर चौकट), लिनक्स आणि सी++ कडे वळा. कारखान्यातले सेल करायचे असतील तर आधी पीएलसी. पण मुलाखतीत समोरचा ग्रिपरचं बल विचारतो, मोटर निवडताना जडत्वाचं गुणोत्तर का बघतात ते विचारतो. गिअरबॉक्सचं गुणोत्तर i असेल तर भाराचं जडत्व मोटरला i² ने भागून जाणवतं, हे ज्याला सहज सुचतं त्याला पुढे लॅडर शिकवायला कुणीही तयार होतं. उलट प्रवास अवघड आहे.

घरी करायचा प्रकल्प विचारला होता. लाइन फॉलोअर (जमिनीवरची रेघ धरून चालणारी गाडी) नको, ते सगळ्यांच्या बायोडेटात असतं. एकच अक्ष बनवा: मोटर, बेल्ट किंवा स्क्रू, सरकणारी गाडी, दोन लिमिट स्विच, होमिंग (सुरुवातीची शून्य जागा शोधणं). मग तो मोजा. एकाच जागी वारंवार पाठवून डायल गेजवर किती फरक पडतो ते लिहा. तोच फरक दुसऱ्या बाजूने आल्यावर का वाढतो ते शोधा. पुनरावृत्तीची अचूकता आणि खऱ्या मोजमापाची अचूकता यांतला फरक कळला तर आयएसओ ९२८३ (रोबोची कामगिरी मोजायचं मानक) चं सार कळलं. असा मोजमापांचा एक कागद घेऊन आलेला मुलगा किंवा मुलगी प्रमाणपत्रांच्या फाइलीपेक्षा जास्त लक्षात राहतो, असं सर म्हणतात. मुलाखती तेच घेतात.

एकाने विचारलं, एआय आल्यावर हे सगळं राहील का? कॅमेऱ्याने वेडंवाकडं पडलेलं खोकं शोधणं खरंच सोपं झालंय आणि आणखी होईल. बेस प्लेटखाली फीलर गेज घालायला मात्र कुणाला तरी खाली वाकावंच लागेल, निदान इतक्यात तरी.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

अँकर टॉर्कने कसले. कोपऱ्यावर डायल गेज: काटा हलला तरी वाचण्याजोगा नाही. मोबाइल बांधून पुन्हा मोजलं, सेकंदाला ९. म्हणजे कडकपणा पाचपट.

सरांनी वेट काढला, त्वरण पूर्ववत केलं. खोक्याला ३.९५ सेकंद. थराला ३९.५ + ९ = ४८.५, मिनिटाला १२.४. एसएटीसाठी (ग्राहकाच्या जागेवरच्या चाचणीसाठी) सलग शिफ्टभर चालवून दाखवायचं होतं. मधे एकदा थांबलं ते फाटक्या झाकणाच्या खोक्यामुळे. व्हॅक्यूम स्विचने वेळेत पकडलं आणि ऑपरेटरने ते खोकं बाहेर काढून पुन्हा सुरू केलं. प्रॉडक्शनवाल्यांनी ते थांबणं आमच्या खात्यात धरायचं की पॅकिंगच्या, यावर थोडा वाद घातला. पॅकिंगच्या खात्यात गेलं.

पेंडंट दुपारनंतर माझ्याकडे होतं. पॅलेटची दुसरी फ्रेम मी शिकवली.

बुधवार, १ ऑक्टोबर

हस्तांतर. राहिलेल्या कामांची यादी:

व्हॅक्यूम फिल्टरवर पुठ्ठ्याची धूळ अपेक्षेपेक्षा लवकर साचते. साफसफाई महिन्याऐवजी आठवड्याला, तक्ता बदलून दिला. सुट्या भागांच्या यादीत बेलोज कपांची संख्या वाढवली. पीएलसी आणि रोबो दोन्हींचा बॅकअप ग्राहकाच्या मेंटेनन्सकडे दिला आणि उघडून दाखवला. प्रत्यक्ष बसवल्याप्रमाणे ड्रॉइंग सुधारायची आहेत. केबल ट्रेचा मार्ग साइटवर बदलला, तो कुठेच नोंदलेला नाही. शीटच्या गठ्ठ्याखालचा सेन्सर शेवटची शीट उरली की चुकतो. कंस एक सेंटिमीटर खाली हवा, पुढच्या आठवड्यात काका नवा पाठवतील.